तेल पाहत जा

आरमोरीच्या गुरुजींच्या घरचा जनरेटर माझ्या चुकीमुळे जाम झाला, आणि तो दोष मी त्यांच्या बायकोच्या माथी जाऊ दिला. मी खोटं बोललो नव्हतो. जे बोललो ते शब्दाला शब्द खरं होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त टोचत राहिलं. सरळ खोटं बोललो असतो तर कधी ना कधी पकडला गेलो असतो आणि सुटलो असतो.

त्या वेळी मी तिशी ओलांडलेली होती. ब्रह्मपुरीला बसस्टँडच्या मागे माझं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, एक बाकडं आणि जमिनीत मुरलेलं काळं ऑइल. आधी मी धानगिरण्यांची डिझेल इंजिनं आणि नदीकाठचे पंप दुरुस्त करायचो. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते छोटे जनरेटर आले, वर मूठ असलेले, एका माणसाला उचलता येतील असे. दोरी ओढून पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की खटका फिरवून मातीच्या तेलावर चालवायचे. पेट्रोल महाग, मातीचं तेल रेशनवर, म्हणून कंपनीनं केलेली ही सोय. डॉक्टरांनी घेतले, फोटोवाल्यानं घेतला, गावोगाव व्हिडिओ दाखवणाऱ्यांनी घेतले. घरासाठी घेणारा विरळाच. आमच्याकडे लाइन गेली म्हणजे गेली. जंगलात कुठं फांदी तारेवर पडली ते लाइनमननं चालत जाऊन शोधायचं. लोक कंदील पुसून बसत. त्यासाठी कोणी हजारो रुपये घालत नसे.

गुरुजींच्या घराला मात्र तो लागला. गुरुजी शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले. घशाच्या आजारानं नागपूरला त्यांचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि गळ्याला पुढून भोक पाडून त्यात नळी बसवली. श्वास त्या नळीतून. नळीत कफ साचला की तो विजेवर चालणाऱ्या एका छोट्या सक्शन मशीननं ओढून काढावा लागे, दिवसातून कितीतरी वेळा. दवाखान्यातल्या नर्सनं ते बाईंना शिकवून पाठवलं होतं. बाई म्हणजे गुरुजींच्या घरच्या. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. हे मशीन वेळेवर चाललं नाही तर गुरुजींचा जीव घाबरा होई. म्हणून भद्रावतीला कारखान्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं जनरेटर घेतला, आणि तो बसवून द्यायला मला सांगितलं.

मी बसनं जनरेटर घेऊन गेलो. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "हाच पोरगा शांत बसते बापा तुमचा."

गुरुजींच्या मागच्या पडवीत मी तो ठेवला, वायर ओढून आतल्या खोलीत स्विच बसवला. गुरुजी खुर्ची घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. मांडीवर पाटी आणि पेन्सिल. आवाज गेल्यापासून ते पाटीवर लिहूनच बोलत. मी बाईंना समजावायला लागलो, "बाई, आधी पेट्रोलवर स्टार्ट करा लागते. मंग हीट झालं का..."

गुरुजींनी पाटी वर केली. तिच्यावर सुंदर अक्षरात माझ्या इंग्रजी शब्दांचं मराठी लिहिलं होतं: सुरू. त्याखाली: तापले.

बाई हसल्या. "आता तुमचीही परीक्षा घेऊन राह्यले. घरात कोणी उरलं नाई न."

मीही हसलो. पण मला ते लागलंही. मी आयटीआय झालेला माणूस. शाळेत मराठीला मला कधी कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं, आणि आता या वयात ते ऐकावंसं वाटलं. म्हणून पुढचं सगळं मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोललो. पेट्रोलवर सुरू करा. तापलं की हा खटका मातीच्या तेलावर फिरवा. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणा, नाहीतर पुढच्या वेळी सुरू होणार नाही. आणि शेवटी मी म्हणालो, "सुरू करण्याआधी दर वेळी तेल पाहत जा."

दुकानात मी हे कधीच असं बोलत नसे. दुकानात आम्ही म्हणायचो, "ऑइल चेक करा." इंजिनात खाली भरतात ते ऑइल. झाकणालाच एक पट्टी असते, ती काढून पुसायची, बुडवायची, ऑइल खुणेपर्यंत आहे का ते पाहायचं. ऑइल संपलं की लोखंड लोखंडावर घासतं आणि इंजिन जाम होतं. मी गिऱ्हाइकाला नुसतं सांगत नसे. त्याच्याच हातानं झाकण उघडायला लावायचो, बोटाला ऑइल लागलं पाहिजे. ही माझी रीत होती, आणि तिचा मला अभिमान होता.

त्या दिवशी मी ती पाळली नाही. इंजिन तापलेलं होतं, परतीची बस निघायच्या बेतात होती. आणि मी "तेल पाहत जा" म्हटल्याबरोबर गुरुजींनी मान हलवून पाटीवर लिहिलं होतं: शाब्बास.

"पाहीन जी, दर वेळी पाहीन," बाई म्हणाल्या.

मी खुशीत बस पकडली.

आमच्याकडच्या घरात तेल दोनच. फोडणीचं ते गोडतेल, आणि चुलीजवळच्या डब्यातलं, कंदिलातलं, रेशनच्या रांगेतलं ते मातीचं तेल. मशीन त्यातलं कोणतं पिते ते बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी "तेल पाहत जा" म्हटल्यावर त्यांनी काय ऐकलं असेल हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मी त्याच मुलखात जन्मलो, वाढलो. माझ्या आईनं मला शंभरदा डबा हातात देऊन म्हटलं असेल, "जाय, तेल आलं काय पाहून ये." पण मी त्या वेळी बाईंशी बोलतच नव्हतो. मी गुरुजींच्या पाटीशी बोलत होतो.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं. मी बाईंना म्हटलं होतं, महिन्याभरात येऊन एकदा पाहून जाईन. लग्नसराई लागली. मंडपवाल्यांचे आणि व्हिडिओवाल्यांचे जनरेटर एकामागून एक येऊ लागले. बाईंनी बसच्या ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला, "मशीन चांगली चालून राह्यली, पण तुम्ही एकदा पाहून जा म्हणा." चांगली चालते आहे ना, मग काय घाई, असं मी मनाशी म्हटलं. निरोप दुसऱ्यांदाही आला. मी ड्रायव्हरला म्हटलं, "बुधवारी येतो म्हणून सांग." त्या बुधवारी मी गेलो नाही.

मेच्या शेवटी एका संध्याकाळी मोठी वावटळ आली. गारा पडल्या, झाडं पडली, आरमोरीकडची लाइन गेली. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या शेजारचा माणूस पहिल्या बसनं माझ्या दुकानात आला. बसलाही नाही.

"भाऊ, लवकर चाला. मशीन बंद पडली. गुरुजीचा घसा भरून राह्यला."

बसमध्ये त्याला मी एकच विचारलं, "ऑइल पाह्यलं होतं का?"

"मले काय माहीत जी. बाई तं रोज सारं पुसूनबिसून चालवतात."

वैनगंगेच्या पुलावर बस थांबली. पुढे बैलगाड्या अडल्या होत्या. मी खिडकीतून वाळूकडे पाहत बसलो. मला तेव्हाच कळलं होतं बहुतेक. पण माणूस कळलेलंही स्वतःपासून लपवून ठेवू शकतो.

मी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आतल्या खोलीत गुरुजी उशांना टेकून बसले होते. बाईंच्या हातात रबरी फुगा लावलेली नळी होती. दवाखान्यानं अडीअडचणीसाठी दिलेली. फुगा दाबायचा, नळी आत घालायची, सोडायचा, बाहेर काढून भांड्यात रिकामा करायचा. मशीनच्या मानानं त्यातून काहीच येत नव्हतं. गावच्या बुद्धविहारातली दोन माणसं ओलं फडकं हलवून वारा घालत होती. गुरुजींच्या छातीतून खरखर आवाज येत होता, पडवीपर्यंत ऐकू यावा इतका.

मी जनरेटरची दोरी ओढली. हलली नाही. झाकण उघडलं, पट्टी काढली. ती कोरडी होती, आणि जळल्याचा वास आला. टाकी मात्र मातीच्या तेलानं काठोकाठ भरलेली. बाजूला भरलेला डबा, त्यावर फडकं, फडक्यावर तेल ओतायची चाडी. एक थेंबही सांडलेला नव्हता.

मी प्लग काढून आत डिझेल ओतलं, लाकूड लावून वरून हातोडी मारली, पुन्हा दोरी ओढली. पुन्हा ओतलं, थांबलो, पुन्हा ओढली. अंगाचं पाणी झालं. मला माहीत होतं की पिस्टन सिलिंडरला धरून बसला आहे आणि तो आता नागपूरहून सामान आल्याशिवाय सुटणार नाही. तरी मी ओढत राहिलो, कारण हात थांबवले की आतला आवाज ऐकू यायचा.

मग मी दुसरा जनरेटर शोधायला निघालो. जनरेटरवाले डॉक्टर सगळे ब्रह्मपुरीचे, आणि त्या हालतीत गुरुजींना बसनं तिकडे नेता येत नव्हतं. व्हिडिओवाल्याचा लग्नाला गेलेला, कुरखेड्याकडे. किराणा दुकानदाराकडे होता, पण त्याची वायरिंग जळून तो माझ्याच दुकानात पडला होता. मी दुरुस्त करायचा ठेवलेला. मंडपवाल्याच्या घराला कुलूप होतं. उन्हात आरमोरीचा बाजार पालथा घालून मी रिकाम्या हातानं परत आलो. गुरुजींनी मला पाहिलं आणि पाटीकडे हात नेला, पण पेन्सिल धरवली नाही. मी म्हटलं, "होते गुरुजी, होते आता." काहीच होणार नव्हतं.

दुपारी, निरोप मिळून, मुलगा भद्रावतीहून आला. बस बदलत, शेवटी एका ट्रकनं. आत जाऊन वडिलांना पाहिलं, मग पडवीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मागोमाग बाई दारात आल्या, हातात तो रबरी फुगा.

"काय झालं हो भाऊ? नवीन मशीन आहे."

मी म्हटलं, "तेल नव्हतं आतमध्ये."

"काऊन नव्हतं?"

मी पान्ह्याकडे पाहत म्हटलं, "बाईंना सांगितलं होतं मी. दर वेळी तेल पाहत जा म्हटलं होतं."

"पाहत होती न जी," बाई म्हणाल्या. "रोज पाहत होती. हे पाहा न, डब्बा भरूनच आहे."

मुलानं कपाळाला हात लावला. "आई, ते नाई. ते मातीचं तेल होय. इंजिनातलं ऑइल म्हणून राह्यले ते."

बाई डब्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही तेल म्हटलं ते..."

तेवढ्यात आत गुरुजींना उबळ आली आणि त्या धावत गेल्या. प्रश्न अर्धाच राहिला. मुलगा अजून माझ्यासमोर उभा होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की ऑइल म्हटलं नाही मी, तेल म्हटलं. पट्टी दाखवली नाही. दोनदा निरोप येऊन आलो नाही. तीन वाक्यं. माझं तोंड उघडलं नाही. वाटलं, हा माणूस मला इथंच मारेल; वाटलं, ब्रह्मपुरीपर्यंत गोष्ट जाईल आणि कोणी मशीन देणार नाही.

"तिले काय समजते मशीनचं," मुलगा म्हणाला. "माहीच चूक. मी तिच्या भरोशावर सोडलं."

मी खाली बसून प्लग पुन्हा बसवू लागलो.

लाइन त्या संध्याकाळी आली. सक्शन मशीन सुरू झालं, गुरुजींना जरा बरं वाटलं. पण ताप धरला तो उतरला नाही. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं, मग नागपूरला. पेरण्या आटोपायच्या आत गुरुजी गेले. डॉक्टर मुलाला म्हणाले होते म्हणे, अशा पेशंटला छातीचा त्रास कधीही होऊ शकतो, जनरेटर चालला असता तरी कदाचित झाला असता. ते 'कदाचित' मी कितीतरी वर्षं जिभेखाली धरून ठेवलं. त्यानं तोंड गोड झालं नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मी मागच्या रांगेत. वंदना झाली, लोक गुरुजींविषयी चांगलं चांगलं बोलले. मग जेवणाच्या पंगतीत माझ्या पाठीमागे बाई कोणा नातेवाइकाला सांगत होत्या, "माह्याच हातानं बिघडली मशीन. मले तेल पाहाले सांगतलं होतं, मले समजलंच नाई." आवाजात रडणं नव्हतं. पाठ केलेलं सांगावं तसं सांगत होत्या. मी ताटावरून उठलो नाही. वाढणाऱ्यानं भात वाढला तो खाल्ला.

त्यानंतर मी गिऱ्हाइकापुढे तेल हा शब्द कधी वापरला नाही. बाईमाणूस असलं तर तिच्याच हातानं झाकण उघडायला लावायचो, बोट काळं झालं की मगच निघायचो. लोक म्हणायचे, फार नेमाचा मिस्त्री आहे. ते ऐकून लाज वाटायची आणि बरंही वाटायचं, दोन्ही एकदम.

दशक संपता संपता मुलाचा निरोप आला. तोच जनरेटर. मीच नवा पिस्टन घालून तयार करून दिलेला, आणि तो आता भद्रावतीला त्यांच्या घरी होता. सुरू होत नाही म्हणे. भद्रावतीत मिस्त्री नव्हते असं नाही. पण त्याचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो विश्वास कशावर उभा होता ते मला एकट्याला माहीत होतं. मी चंद्रपूरच्या बसमध्ये बसलो.

बिघाड काहीच नव्हता. कोणीतरी मातीच्या तेलावरच बंद केला होता, म्हणून थंड इंजिन धरत नव्हतं. मी कार्बोरेटर रिकामा करत होतो. अंगणात सून धान्य निवडत होती, मुलगा ड्युटीवरून येऊन खाटेवर टेकला होता. बाई चहा घेऊन आल्या. खूप बारीक झाल्या होत्या. कपबशी त्यांनी माझ्यापासून लांब, उंबऱ्यावरच ठेवली.

"आई, तिकडूनच या," सून हसून म्हणाली. "नाई तं आतासाच दुरुस्त झालेला बसन पुन्हा." मग मला म्हणाली, "आमच्या आईच्या हाताले मशीन सोसत नाई भाऊ. मिक्सर नाई, इस्त्री नाई. पंखाही आम्हालेच लावाले सांगतात."

त्यात वाईट हेतू नव्हता. घरातली रोजची थट्टा होती ती, झिजून गुळगुळीत झालेली. मुलगाही हसला. बाईही हसल्या.

"खरंच आहे न बापा," त्या म्हणाल्या. "एक बसवली तेवढी पुरे झाली."

ज्या बाईनं नळी, मशीन, स्विच सगळं शिकून घेऊन नवऱ्याचा श्वास चालवला होता, ती आता पंख्याचं बटण दाबत नव्हती. मला वाटत आलं होतं की माझी गोष्ट गुरुजींच्या जाण्याबरोबर संपली आणि आता ती फक्त माझ्यापुरती उरली आहे. ती या घरात रोज चालू होती, आणि मी एका वाक्यानं ती कधीही थांबवू शकलो असतो.

मी हात पुसले. पान्हा खाली ठेवला. मुलाला म्हटलं, "साहेब, जरा ऐका. तुम्हीही ऐका, वहिनी."  मग जे होतं ते सांगितलं. की मी ऑइल म्हटलंच नव्हतं, तेल म्हटलं होतं. की झाकण उघडून दाखवलं नव्हतं. की बाईंनी दोनदा बोलावलं आणि मी गेलो नाही. की पडवीत त्यांनी मला विचारलं तेव्हाच मला सारं ठाऊक होतं. पाटीचं आणि शाब्बासचं मी काढलं नाही. ते सांगितलं असतं तर चुकीतला वाटा मेलेल्या माणसाला दिल्यासारखं झालं असतं.

सुपातला हात तसाच ठेवून सून माझ्याकडे पाहत होती. मुलगा उठला आणि नळाकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला.

बाई उंबऱ्यावरच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी काऊन नाई म्हटलं?"

"भेव वाटला बाई."

"कोणाचा? याचा?" त्यांनी मुलाकडे मान हलवली.

"याचाही. गिऱ्हाइकं जातील याचाही."

"मले वाटे, मी त्यायले मारलं," बाई म्हणाल्या. "रोज वाटे. सकाळी उठलं का पह्यले तेच." त्या रागानं बोलत नव्हत्या. राग असता तर मला सोसला असता. "जाऊ द्या जी आता. तुम्ही तरी काय करता. झालं ते झालं."

त्यांनी मला जाऊ दिलं होतं. मला कपबशी उचलून निघता आलं असतं. पण ती माफी नव्हती, ती त्यांची सवय होती. दुसऱ्याची चूक स्वतःच्या पदरात घ्यायची सवय, आणि ती मीच पक्की केलेली. मी उंबऱ्यापाशी गेलो. काळे हात त्यांच्या पायाला लावायचं धाडस झालं नाही, म्हणून ते नुसते जोडले, आणि मुलाला नळापाशी ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाई, तुम्ही बरोबर पाहत होत्या. रोज बरोबर पाहत होत्या. चूक माही होती, आणि ती मी तुमच्यावर टाकली. तुमच्या हातानं काही बिघडलं नाई. मले माफ करा."